वंशावळीच्या कागदावर नसलेली गोष्ट

आकाशवाणीवर मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा कवितेसाठी. पावसाळा लागला की पावसाच्या कविता, ईद-दिवाळीच्या सुमाराला सलोख्यावर चार शब्द. या वेळी मी कुत्र्यांच्या डोळ्यांवर बोलतो म्हटल्यावर फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. ‘कुत्र्यांच्या?’ ‘हो, जातिवंत कुत्र्यांच्या. आईबापांकडून त्यांना जे आंधळेपण मिळतं, त्याच्यावर.’ मग मी ब्रूनोची हकिगत सांगितली आणि मला वेळ मिळाला.

ब्रूनो म्हणजे आमच्या शेजारच्या मास्तरांचा लॅब्रॅडॉर. मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले, मुलं परदेशी गेली आणि घरात ब्रूनो आला. आमच्या घरात कुत्रा पाळायची पद्धत नाही. राखणीचा, शेतावरचा, धनगराच्या कळपामागचा कुत्रा ही गोष्ट वेगळी. तसा माझ्या मामूंच्या शेतावर एक उंच, सडपातळ कारवानी होता आणि त्याच्यामागे मी उभं लहानपण धावलो आहे. पण ब्रूनोला कुंपण मान्य नव्हतं. तो सकाळी मास्तरांकडे आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर, अशी त्याची विभागणी होती. चार वर्षं हे सुरळीत चाललं. पाचव्या वर्षी त्याचं संध्याकाळचं येणं थांबलं.

तो आमच्या फाटकापर्यंत यायचा, ओट्याच्या पायरीशी थबकायचा, पाय पुढे करून चाचपायचा आणि परत फिरायचा. दिवसा मात्र तीच पायरी उडी मारून चढायचा. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘लाडावलाय, दुसरं काही नाही.’ मास्तर म्हणाले, ‘अहो, उलट त्याचे डोळे हल्ली कसे छान चमकतात. रात्री बघा, सोन्यासारखे.’ ते ऐकून मात्र मी चरकलो. डोळ्यांचं मला काही कळतं म्हणून नव्हे. दिवसा धावणारं आणि दिवेलागणीला चाचपणारं माणूस मी घरात पाहिलेलं होतं.

माझ्या खालाचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा सूर्य कलला की त्याला चेंडू दिसायचा नाही. आम्ही त्याला रातांधळा म्हणून चिडवायचो. ही १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. त्या काळात रातांधळेपणा म्हटलं की अ जीवनसत्त्वाची कमतरता, हे समीकरण होतं आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरंही होतं. त्याला गाजरं खाऊ घातली, कलेजी खाऊ घातली, गोळ्या झाल्या, ताईतही झाला. पुढे मिरजेत एका नेत्रतज्ज्ञांनी अंधाऱ्या खोलीत बसवून त्याचे डोळे पाहिले आणि पहिला प्रश्न डोळ्यांविषयी नव्हे, आईवडिलांविषयी विचारला, ‘हे दोघं नात्यातले का?’ खाला आणि खालू एकमेकांचे चुलत भावंडं. आमच्यात हे सर्रास होतं. आजूबाजूच्या हिंदू घरांतही मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगितला जायचा, त्यामुळे आम्हाला त्यात वेगळं काही वाटतच नसे. त्या दिवशी मी पहिल्यांदा ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ हा शब्द ऐकला.

तर कुत्र्यांना होतो तो आजार जवळजवळ हाच. डॉक्टर मंडळी त्याला ‘पीआरए’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर दृष्टिपटलाचा हळूहळू वाढत जाणारा क्षय. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जो पडदा असतो, त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात, तर शंक्वाकार पेशी लख्ख उजेडात. या रोगात बहुधा दंडाकार पेशी आधी मरतात, म्हणून पहिल्यांदा संध्याकाळ हरवते. नंतर शंक्वाकार पेशीही जातात आणि दुपारही हरवते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. ब्रूनोच्या डोळ्यांतलं ते सोनं कुठून आलं, तेही याच्यातूनच उलगडतं. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम त्याचं नाव. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. मोटारीच्या उजेडात जनावराचे डोळे लुकलुकतात ते त्या थरामुळे. पुढचा पडदा विरत गेला की मागचा आरसा अधिक उघडा पडतो, शिवाय अंधारात चाचपडणारा डोळा बाहुली रुंद करून ठेवतो. म्हणून डोळा मरत असताना तो जास्त तेजस्वी दिसतो. मास्तरांना हे सांगताना माझी जीभ जड झाली होती.

आणि कुत्रा ते लपवतो म्हणण्यापेक्षा सावरून घेतो, असं म्हणू. वासावर, आवाजावर, मिशांवर त्याचं निम्मं जग चालतं आणि घराचा नकाशा त्याच्या डोक्यात पक्का असतो. त्यामुळे अनेक मालकांना कळतं ते घरातला सोफा इकडचा तिकडे हलवल्यावर. माझा भाऊही विहिरीपासून घरापर्यंतची पावलं मोजून ठेवायचा. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

आता कुत्र्यांच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आली? १९११ साली स्वीडनमधल्या माग्नुसन नावाच्या पशुवैद्यानं गॉर्डन सेटर या शिकारी जातीच्या कुत्र्यांमधल्या आंधळेपणावर जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच दोन शब्द एकमेकांना खेटून होते, रेटिनायटिस पिगमेंटोसा आणि रक्ताच्या नात्यातलं प्रजनन. म्हणजे मिरजेच्या डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न कितीतरी वर्षं आधी कुणीतरी कुत्र्यांविषयी विचारून ठेवला होता.

रक्ताचं नातं कुत्र्यांत एवढं कुठून आलं, तर ते माणसानं आणलं. कुत्रा हजारो वर्षं माणसासोबत आहे. पण आज ज्यांना आपण जाती म्हणतो, त्यातल्या बहुतेकांचं बंदिस्त रूप इंग्लंडात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ठरलं. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीची वही सुरू झाली. वहीत ज्याचे आईबाप, तोच त्या जातीचा. बाहेरच्याला प्रवेश नाही. म्हणजे दार लावून आतल्या आत लग्नं लावायची. त्यात एखादा नर प्रदर्शनात पहिला आला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवीत. गावात एकच नावाजलेला वळू असावा आणि दहा वर्षांनी प्रत्येक गोठ्यात त्याचंच रक्त असावं, तसं होतं. तो नर देखणा असतो, आज्ञाधारक असतो आणि त्याच्या रक्तात एखादा दोष गुपचूप बसलेला असला तर तोही घरोघरी पोचतो.

तो गुपचूप कसा बसतो, हे थोडं नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. शरीर घडवणाऱ्या सूचना प्रत्येक प्राण्याकडे दोन-दोन प्रतींत असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पीआरएच्या बहुतेक प्रकारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. असा कुत्रा जन्मभर उत्तम पाहतो. त्याला म्हणतात वाहक. पण दोन वाहक एकत्र आले, तर त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चारांतल्या एकाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात आणि ते आंधळं होतं. दोघं त्यांच्यासारखेच वाहक निघतात, एक पूर्ण मोकळं. एकाच आजोबाची नातवंडं एकत्र आली की दोन्हीकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. नात्यातलं लग्न दोष निर्माण करत नाही. झाकून राहिलेल्या दोषाची गाठ घालून देतं.

ब्रिटनमध्ये आयरिश सेटर या तांबूस, लांब केसांच्या सुंदर जातीत १९४० नंतरच्या दशकात हा आंधळेपणा इतका पसरला की जातीचं भवितव्यच धोक्यात आलं. त्यांच्यातला प्रकार लवकर उफाळणारा होता. दोन महिन्यांच्या पिल्लाला अंधुक उजेडात दिसेना आणि वर्षाच्या आसपास ते जवळजवळ आंधळं होई. तेव्हा जनुकाची तपासणी अस्तित्वात नव्हती. डोळस नर वाहक आहे की नाही, हे ओळखायचं कसं? एकच मार्ग होता. त्याचा संयोग आंधळ्या मादीशी घडवून आणायचा आणि पिल्लांची वाट पाहायची. आंधळी मादी प्रत्येक पिल्लाला बिघडलेली प्रतच देणार. नर वाहक असेल तर निम्मी पिल्लं आंधळी निघणार. मास्तरांनी इथे लगेच हिशेब केला. सहा पिल्लं झाली आणि सहाही डोळस निघाली, तर नर वाहक असूनही नुसत्या नशिबानं तसं घडण्याची शक्यता चौसष्टांत एक. म्हणजे नर बहुधा मोकळा. गणित स्वच्छ आहे. पण नर वाहक निघाला तर त्याचा पुरावा म्हणून आंधळी पिल्लं जन्माला घालावी लागत आणि त्यांचं पुढे काय होई, ते सांगायला नको. तरी त्या लोकांनी हे केलं आणि त्या जातीतून तो रोग मोठ्या प्रमाणात हटवला. मला त्यांना क्रूर म्हणणं जमत नाही आणि शाबासकी देणंही जमत नाही.

पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना त्या सेटरांच्या जनुकातली नेमकी चूक सापडली. हजारो अक्षरांच्या मजकुरात एकच अक्षर बदललेलं होतं. आणि ते अशा जागी की वाक्य संपायच्या आधीच तिथे पूर्णविराम पडावा. हे मी कवी म्हणून सजवून सांगत नाही. जनुकांच्या भाषेत ‘इथे थांबा’ अशी खूण खरोखरच असते आणि ती चुकीच्या ठिकाणी उमटली होती. त्यानंतर आंधळ्या पिल्लांची गरज उरली नाही, थोडं रक्त पुरेसं झालं.

मधल्या काळात दुसरीकडे एक वेगळं काम उभं राहत होतं, ते शोभेच्या कुत्र्यांपेक्षा कष्टकरी कुत्र्यांमुळे. वेल्स, स्कॉटलंडच्या डोंगरांत मेंढ्या हाकणारे बॉर्डर कॉली. त्यांची स्वतःची संस्था १९०६ पासूनची, त्यांच्या मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धा भरतात. मेंढपाळांची तक्रार विचित्र होती, कुत्रा दूरवर पळणारी मेंढी बरोबर हेरतो. पण समोर स्तब्ध उभ्या असलेल्या मेंढीवर जाऊन आदळतो. कारण असं निघालं की त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत होता, कडांना हालचाल टिपता येत होती. कीथ बार्नेट या पशुनेत्रतज्ज्ञानं या मेंढीकुत्र्यांचे डोळे स्पर्धांच्या मैदानावर जाऊन तपासले. ज्या कुत्र्यात दोष सापडेल, त्याच्यापासून पैदास नको, असं ठरत गेलं आणि हा प्रकार ओसरला. पुढे त्या विशिष्ट आजारात ई जीवनसत्त्वाचाही हात असल्याचं दिसून आलं. म्हणजे सगळा दोष रक्ताचा नव्हता. शास्त्रात असं होतं. मला तो भाग आवडतो.

ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेनं आणि केनेल क्लबानं मिळून कुत्र्यांच्या नेत्रतपासणीची योजना १९६६ मध्ये सुरू केली आणि मेंढीकुत्र्यांची संस्थाही तिच्यात होती. अमेरिकेत तशी नोंदवही १९७० नंतरच्या दशकात आली. कल्पना साधी होती. पैदाशीसाठी वापरायच्या कुत्र्याचे डोळे प्रशिक्षित तज्ज्ञानं ठरावीक काळानं पाहायचे आणि निकाल नोंदवायचा, चांगला असो वा वाईट.

ही तपासणी कशी होते, ते मी ब्रूनोसोबत पाहिलं. मास्तरांना एकट्यानं जाववेना, म्हणून मी गेलो. आधी थेंब टाकले, बाहुली रुंदावण्यासाठी. मग अर्धा तास थांबणं. मग अंधारी खोली. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात एक जाड भिंग, ते कुत्र्याच्या डोळ्यापुढे धरून आतला पडदा न्याहाळायचा. दुसऱ्या एका यंत्रातून उजेडाची बारीक फट पाडून पुढचा भाग, भिंग, मोतीबिंदूची सुरुवात हे पाहायचं. भूल नाही, टोचणं नाही. ब्रूनो मास्तरांच्या मांडीवर हनुवटी टेकून बसून होता. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक झाल्यात आणि मागचा थर फार चकाकतोय. मी भिंतीकडे पाहत होतो. त्या खोलीत मी पूर्वी एकदा बसलेलो होतो, असं वाटलं, खोली निराळी असूनही.

पण अशा तपासणीचीही एक अडचण आहे आणि ती ब्रूनोच्या घराण्यातच दिसते. लॅब्रॅडॉरमध्ये जो प्रकार आढळतो तो उशिरा उमटतो, बहुधा चार-सहा वर्षांच्या वयात. तोवर नर कितीतरी पिल्लांचा बाप झालेला असतो. दुसऱ्या वर्षी डोळे तपासले तर ते स्वच्छच दिसणार. आणि वाहकाचे डोळे तर मरेपर्यंत स्वच्छ.

उलटी अडचणही असते. लांब तोंडाच्या कॉली कुत्र्यांत जन्मतःच डोळ्याच्या मागच्या भिंतीचा एक थर नीट न बनण्याचा दोष आहे. अमेरिकेत तर त्या जातीतल्या अर्ध्याहून अधिक कुत्र्यांत तो सापडलेला. तो दिसतो पिल्लू सहा-सात आठवड्यांचं असताना. पुढे रंगद्रव्य भरत गेलं की फिकट जागा झाकली जाते आणि मोठेपणी डोळा निर्दोष वाटतो. दोष गेलेला नसतो, फक्त दिसत नाही. म्हणून त्या जातींची पिल्लं विकण्याआधीच तपासायची रीत पडली. एका रोगासाठी उशिरा पाहा, दुसऱ्यासाठी लवकर पाहा. कॉलींच्या या दोषाचं जनुक २००७ मध्ये सापडलं.

त्याच्या एक वर्ष आधी, २००६ मध्ये, लॅब्रॅडॉर, पूडल, कॉकर स्पॅनियल अशा अनेक जातींतल्या उशिरा येणाऱ्या पीआरएचं कोडं सुटलं. इथेही एकच अक्षर बदललेलं, आणि तेही वाक्याच्या दुसऱ्याच शब्दात. गंमत म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वीसहून अधिक जातींत नेमकी हीच चूक आढळते. याचा अर्थ ही चूक जातींहून जुनी आहे. वंशावळीच्या वह्या उघडल्या गेल्या त्याच्या आधीपासून ती कुठल्यातरी पूर्वजात होती आणि वहीत नाव चढवताना ती सोबत चढली.

पण मी ज्यासाठी हा विषय निवडला ती गोष्ट त्याच संशोधनात पुढे आहे. कुत्र्यांतली चूक सापडल्यावर त्या चमूनं रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या मानवी रुग्णांचे नमुने पडताळले. त्यात एका रुग्णाच्या दोन्ही प्रतींत तीच चूक, त्याच जागी, तेच अक्षर. ती बाई होती बांगलादेशातली. आपल्याच उपखंडातल्या एका बाईचं अंधारत गेलेलं जग आणि कुठल्यातरी पूडलचं अंधारलेलं जग एकाच अक्षराचं. माणसांना कुत्र्यांची उपमा दिली म्हणून कुणी रागावू नये. उपमा मी देत नाही.

आता हाती तपासणी आली. कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि ती प्रयोगशाळेत पाठवायची. निकाल तीन प्रकारचा येतो: मोकळा, वाहक किंवा बाधित. हे कळल्यावर पहिली ऊर्मी अशी होते की वाहकांनाही पैदाशीतून काढून टाकावं, म्हणजे रोगाचं मूळच खणलं जाईल. जाणकार नेमकं याच्या उलट सांगतात. बंद दाराआड आधीच थोडी घराणी. त्यातली निम्मी एका दोषासाठी बाद केलीत, तर उरलेल्यांत नातं आणखी घट्ट होणार आणि त्यांच्यात दडलेला दुसराच एखादा दोष उफाळणार. म्हणून वाहक ठेवा, फक्त त्याची गाठ मोकळ्याशी घाला. एकही पिल्लू आंधळं होणार नाही. पिढ्यांमागून पिढ्या, घाई न करता, मोकळ्या पिल्लांना पसंती देत जा. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

तरीही ‘मोकळा’ या शब्दावर फार विसंबू नये. प्रयोगशाळा ज्या चुकीचा शोध घेते, तेवढ्याच चुकीपुरतं ते उत्तर असतं. गोल्डन रिट्रीव्हरचं उदाहरण पाहा. या जातीत लॅब्रॅडॉरचा प्रकार आहेच, शिवाय २०११ मध्ये पीआरएचं दुसरं जनुक सापडलं आणि २०१४ मध्ये तिसरं. एकात मोकळा ठरलेला कुत्रा दुसऱ्यामुळे आंधळा होऊ शकतो. मोतीबिंदू, भिंग जागेवरून निसटणं, काचबिंदू यांच्या वाटा आणखी निराळ्या. म्हणून काडीही हवी आणि अंधारी खोलीही हवी. या कामात मोठा वाटा असलेली न्यूमार्केटची अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्ट ही संस्था पैशांअभावी २०२० मध्ये बंद पडली. सुदैवानं तिथलं कुत्र्यांच्या जनुकांचं काम केंब्रिज विद्यापीठानं आपल्याकडे घेतलं.

आणि हे सगळं तपासायचं कशासाठी, दार थोडं उघडत का नाही, असं तुम्ही विचाराल. तो प्रश्न ब्रिटनमध्येही विचारला गेला. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीनं जातिवंत कुत्र्यांच्या हालांवर एक माहितीपट दाखवला आणि गहजब झाला. पुढच्याच वर्षी केनेल क्लबानं बाप-मुलगी, आई-मुलगा, सख्खी भावंडं अशा संयोगांतल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. २००९ साल! तोवर ती होत होती.

आपल्याकडे पिल्लू घ्यायला गेलेला माणूस एकच विचारतो, ‘पेपर आहेत ना?’ मास्तरांकडेही पेपर होते. जाड कागद, आजोबा-पणजोबांची इंग्रजी नावं, त्यांतल्या काहींपुढे चॅम्पियन. मी तो कागद हातात घेऊन वाचला. आजोबाचं नाव एकदा बापाच्या बाजूला होतं आणि तेच पुन्हा आईच्या बाजूला. मास्तरांनी पाच वर्षांपूर्वी तो कागद चौकटीत लावला तेव्हा ते त्यांना दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मानाचंच वाटलं असतं. पैदास करणाऱ्यांनी राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ते चांगले आहेत. पण पणजोबाच्या डोळ्यांविषयी विचारायचं काम गिऱ्हाईकाचंच आहे. आईबाप दोघांची जनुकतपासणी झाली आहे का, निदान दोघांपैकी एक तरी मोकळा आहे का, डोळे शेवटचे केव्हा पाहिले, एवढं विचारलं तरी पुरे.

ब्रूनोचा काडीचा निकाल तीन आठवड्यांनी आला. बाधित. यावर औषध आहे का, हे मास्तरांनी विचारलं आणि मी त्यांना ब्रियार्ड कुत्र्यांविषयी सांगितलं. फ्रान्सची ही केसाळ मेंढीकुत्र्याची जात. तिच्यातल्या काही पिल्लांना जन्मापासून दिसत नसे, स्वीडनमध्ये त्यांचा अभ्यास झाला आणि आरपीई६५ नावाच्या जनुकात चार अक्षरं गळालेली आढळली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेत अशा पिल्लांच्या डोळ्यांत निर्धोक केलेल्या विषाणूवर चांगली प्रत लादून सोडण्यात आली आणि ती पाहू लागली. त्यांतल्या एकाचं नाव लॅन्सलॉट. पुढे त्याला अमेरिकी संसदेच्या इमारतीतही नेलं होतं. त्याच वाटेनं पुढे माणसांवर प्रयोग झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्या जनुकाच्या दोषावरचं औषध तिथे मंजूर झालं. बाजारात आलं तेव्हा दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. पण ते फक्त त्याच जनुकासाठी चालतं. ब्रूनोचं जनुक दुसरं.

माझ्या भावाचंही दुसरंच. ते औषध मंजूर झाल्याची बातमी मीच त्याला फोनवर वाचून दाखवली होती. त्या आशेनं त्यानं जनुकतपासणी करून घेतली आणि आरपीई६५ नाही, असं कळलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘त्या कुत्र्याला दिसलं ना? बरं झालं.’ त्याचं उजेडाचं वर्तुळ आता नाण्याएवढं उरलं आहे आणि तो फोनवर माझ्याहून जास्त हसतो.

त्याच्या निकालातून खालाचा आणि खालूंचा निकाल आपोआप लागला. दोघंही वाहक. खाला वाहक म्हणजे तिची सख्खी बहीण, माझी अम्मी, वाहक असण्याची शक्यता निम्मी. माझी चारांत एक. हे गणित मला मास्तरांनी मांडून दिलं नाही, मीच रात्री अंथरुणात केलं. मागच्या वर्षी मी नमुना दिला. वाहक. पन्नाशी केव्हाच उलटली, रात्री मला सुईत दोरा ओवता येतो. माझी बायको नात्याबाहेरची, तेही माझ्या अक्कलहुशारीनं नव्हे, नात्यातल्या मुलीनं कवीला नकार दिला म्हणून. आता मुलीसाठी खालाच्या घरातून विचारणा आली आहे. मुलगा गुणी आहे. बुजुर्गांना तपासणीचं सांगितलं तेव्हा एकजण तडकले, ‘आमच्या खानदानात खोट काढता?’ मी कुत्र्यांचा दाखला द्यायचं टाळलं. एवढंच म्हणालो की वाहक असणं म्हणजे लग्न मोडणं नव्हे; दोघंही वाहक आहेत का, एवढंच पाहायचं आहे. मुलगी स्वतः तयार आहे. मुलानं अजून काही कळवलेलं नाही.

ब्रूनोच्या बाबतीत काम सोपं होतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे त्याच्या बापाकडे आणि आईकडे निदान एकेक बिघडलेली प्रत असणारच. त्यांना न तपासताही हे सिद्ध आहे. मास्तर निकालाचा कागद घेऊन ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं होतं त्या गृहस्थांकडे गेले. पैसे परत मागायला आलेत, असं वाटून ते आधी चढ्या आवाजात बोलले. मास्तरांनी पाटीवर समजावावं तसं चारांत एकचं कोष्टक काढून दाखवलं. तो नर अजून त्यांच्याकडे आहे आणि त्याला मागणी आहे. गृहस्थ बराच वेळ कोष्टकाकडे पाहत बसले, मग म्हणाले, ‘ह्याला नाही वापरायचा का आता?’ मास्तर म्हणाले, ‘आधी तो स्वतः वाहक आहे की बाधित, ते बघा. आणि वाहक असला तरी मादी मोकळी असेल तरच.’ गेल्या आठवड्यात त्या नराचा आणि तीन माद्यांचा नमुना प्रयोगशाळेकडे गेला. मास्तरांच्या घरात सोफा आहे तिथेच आहे, आणि आमच्या ओट्याच्या पायरीवर मी आता सूर्य मावळायच्या आत दिवा लावतो.